पाचोळा म्हणजे कचरा नव्हे!

मंडळी, गेल्या पावसाळ्यात पुणं सोडून संगमेश्वरकडे राहायला आलो. हा आमचा इथला पहिला फाल्गुन. पांगारा लालभडक झालाय, कुसुंबाला तांबडी पालवी फुटलीय आणि कोकीळ पहाटेपासून कुणाला झोपू देत नाही. त्याच वेळी ऐन, किंजळ पानं गाळतायत. अंगणात रोज ढीग! आणि रोज कुणीतरी विचारतं, "अजून पेटवला नाहीत?"

नाही पेटवला. पेटवणारही नाही.

शेजारचे तात्या म्हणतात, "आम्ही जन्मभर जाळला, काय बिघडलं?" भाताच्या राबाची भाजावळ मी समजू शकते. तिथे तण मरतं, राख रोपांना मिळते. पण अंगणातला पाचोळा जाळून काय मिळतं? धूर, आणि लेकीचा रात्रभर खोकला. तोच पाचोळा आंब्याच्या आळ्यात घातला तर ओल टिकते, पावसात कुजून खत होतं. आधी जाळायचं आणि मग खताची पोती विकत आणायची, हा कुठला हिशोब?

साप-विंचवाची भीती खरी आहे. म्हणून दारापुढचं रोज झाडते. पण झाडणं वेगळं, जाळणं वेगळं.

गेल्या आठवड्यात लेकीने काजूखाली रातव्याची दोन अंडी दाखवली. हा पक्षी घरटं बांधतच नाही, जमिनीवर पाचोळ्यातच अंडी घालतो. काडी लावली असती तर आम्हाला कळलंही नसतं.

परवा तात्यांनी गुपचूप दोन टोपल्या पाचोळा आपल्या कलमांना घातला. बोलले काहीच नाहीत. असो.

काका, आत्या, मे महिन्यात नक्की या. काडेपेटी तेवढी घरी ठेवून या!