झोप लागते का रे?

दोस्तांनो, गोदीत पाठ धरली तर मुकादमसुद्धा म्हणतो, बस बाबा जरा. मन धरलं तर? 'नाटकं करतोय.' गावी करकंबला गेलो तरी तेच. झोप उडालेल्या पोराला घरचे देवऋष्याकडं नेतात, नायतर तो आपल्या पायानं गुत्त्यावर जातो. आणि आपण चळवळीतले? आपण म्हणतो, कार्यकर्ता रडत नसतो.

कोण म्हणतं? १९१७ साली बडोद्यात पारशांच्या उतारशाळेतून बाबासाहेबांना काठ्या दाखवून हुसकलं. ते कामाठी बागेत जाऊन बसले. अठरा वर्षांनीही ते आठवलं की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. चवदार तळ्याचं पाणी उचललं ते याच माणसानं, १९२७ साली.

सकाळी उमेद, संध्याकाळी उदास, हे सगळ्यांचंच. हजेरी बुडाली, कुणी जात काढली, तर डोकं भडकणारच. तो आजार नव्हे. पण दोन आठवडे झोप नाय, भूक नाय, कशातच जीव लागत नाय, तर डॉक्टर गाठायचा. मरणाचा विचार आला तर एक दिवसही थांबायचं नाय. सरकारी उपचार हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे, उपकार नव्हे. १४४१६ वर फुकट फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

गोळीनं जात जात नाय, कबूल. पण लढायला आधी माणूस जगला पायजे. म्हणून पुढच्या बैठकीत अहवाल वाचण्याआधी शेजारच्याला एवढंच विचारा : झोप लागते का रे?