तराजूवर शिक्का, रक्ताच्या आकड्यावर काय?

भाजीवाल्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. वजनमापे वेळच्या वेळी पडताळून घेतली नाहीत तर त्याला दंड होतो. किलोभर कांद्यात पन्नास ग्रॅम मारले गेले की आपण रस्त्यावर आवाज चढवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु रक्त तपासून हाती पडणाऱ्या कागदावरचा आकडा कोणी पडताळला आहे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारला असेल? त्या आकड्यावर माणसाचे ताट बदलते, जन्माची गोळी सुरू होते, महिन्याच्या पगारातला एक वाटा औषधाच्या दुकानाकडे वळतो. तरीही तो आकडा आपण वेदवाक्य मानतो.

‘हा विषय सायन्सवाल्यांचा, तू आर्ट्सची, तुला काय त्यातले कळते?’ असे माझ्या एका मैत्रिणीने ऐकवले. रसायनशास्त्र मला कळत नाही हे खरे. पण विकणाऱ्याला मालाची सगळी माहिती आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशा बाजारात घेणारा नाडला जातो, हे अर्थशास्त्राच्या तासाला आपणच शिकतो ना? शिवाय आमच्या घरात बारावीपुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे चाळीतल्या निम्म्या लोकांचे रिपोर्ट वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सगळा कागद इंग्रजीत. आकड्यापुढे ‘एच’ असेल तर जास्त, ‘एल’ असेल तर कमी, एवढे मी सांगते आणि समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे पाहत राहतो.

मागल्या वर्षी आईच्या बाबतीत असे झाले. ती जिथे कामाला जाते तिथे तपासणीचे शिबिर होते. त्याच सकाळी, उपाशीपोटीच, तिने डॉक्टरांनी सांगितलेल्या ठिकाणीही रक्त दिले. एका कागदावर साखर ११८, दुसऱ्यावर १३७. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त भरली तर मधुमेहाचे निदान करतात, तेही पुन्हा तपासून. म्हणजे एका कागदाप्रमाणे आई मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि दुसऱ्याप्रमाणे घरात! कोणता कागद खरा हे आम्हाला कोणी सांगू शकले नाही. ‘लॅब बदलली की थोडे इकडेतिकडे होतेच,’ एवढे उत्तर मिळाले. थोडे म्हणजे किती, आणि ते कोण ठरवते, या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले ते इथे मांडते आहे.

साखर मोजण्याची नेहमीची पद्धत तशी सोपी आहे. रक्तातील द्रव भाग वेगळा काढून त्यात एक रसायन घालतात. साखरेच्या प्रमाणात गुलाबी रंग येतो आणि त्या रंगाची गडदता यंत्र मोजते. रसायन जुने झाले, उन्हात राहिले, पिपेटने माप कमीजास्त घेतले, यंत्र प्रमाण द्रावणाशी जुळवून घेतले नाही, तर आकडा हलतो. त्याहून गमतीची गोष्ट (आईच्या दृष्टीने गमतीची नव्हे!) अशी की नळीतले रक्त स्वस्थ बसत नाही. त्यातल्या पेशी साखर खातच राहतात, आणि रक्त तसेच ठेवले तर खोलीच्या तापमानात तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून फ्लोराइड घातलेली राखाडी झाकणाची नळी वापरतात, पण फ्लोराइडचा पुरता अंमल बसायलाही तास-दोन तास जातात. आता डोळ्यांपुढे आणा: मे महिना, पाठीवर नळ्यांची पेटी घेतलेला पोरगा, हार्बर लाइनची गर्दी, आणि वाटेत आणखी चार ठिकाणचे नमुने गोळा करायचे. प्रयोगशाळेतले यंत्र कितीही महागडे असो, त्याच्यापुढे रक्त येईस्तोवर काय झाले ते त्याला कसे कळणार?

प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेत बेल्क आणि संडरमन या दोन डॉक्टरांनी पेनसिल्व्हेनियातील अनेक रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकसारखेच नमुने पाठवले. उत्तरे इतकी वेगवेगळी आली की १९४७ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली तेव्हा मोठी खळबळ उडाली. पुढे १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातला मालाच्या दर्जाचा आलेख प्रयोगशाळेत आणला. रोज एक ठरलेला नमुना तपासायचा, आकडा आलेखावर ठिपक्याने मांडायचा, आणि ठिपका आखलेल्या रेघांबाहेर गेला की त्या दिवशीचे काम थांबवून चूक शोधायची.

आपल्याकडे हे काम अंगावर घेतले ते ‘असोसिएशन ऑफ क्लिनिकल बायोकेमिस्ट्स ऑफ इंडिया’ या संस्थेने. १९७०च्या दशकाच्या मध्यास ती पाटण्याला सुरू झाली. १९८६ पासून तिचे स्वतःचे नियतकालिक निघते, दरवर्षी अधिवेशन भरते. पण माझ्या मते तिचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजबरोबर चालणारी बाह्य पडताळणीची योजना. वेल्लोरहून देशभरच्या सभासद प्रयोगशाळांना सुकवलेल्या रक्तद्रवाच्या कुप्या जातात. प्रत्येकाने ठरलेल्या मापाने पाणी घालून तो नमुना रुग्णाच्या नमुन्यासारखाच तपासायचा आणि आकडा कळवायचा. सगळ्यांचे आकडे एकत्र करून, तुम्ही इतरांपासून किती दूर आहात, ते तुम्हाला कळवले जाते. तोटी एवढीच की परीक्षेचा नमुना आला हे प्रयोगशाळेला ठाऊक असते. घरी पाहुणा आला म्हणजे चांगले कप निघतात, तसेच इथेही होत असणार. तरीपण ज्याला वर्षभर पत्रे येतात त्याला आपले यंत्र कुठे झुकते ते कळतेच कळते.

आमच्या कॉटन ग्रीनला हा प्रकार नवा नाही. इथली हिरवी कॉटन एक्स्चेंजची इमारत १९२०च्या दशकातली. माझे बाबा याच भागातल्या गोदामांत माथाडी होते. ते सांगतात, गाठीतून कापसाचा पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि धागा किती लांब ते पाहायचे. विकणारा एक म्हणणार, घेणारा दुसरे म्हणणार, मग नमुना तिसऱ्या जाणकाराकडे जायचा. व्यापाऱ्यांनी १९२१ साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन काढली, आणि १९२४ मध्ये माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा निघाली, ती अजून आहे. म्हणजे कापसाच्या गाठीबद्दल दोघांचे एकमत व्हावे म्हणून शंभर वर्षांपूर्वी एवढी यंत्रणा उभी राहिली. तिथे दोन्ही बाजूंना पैसेवाले होते, हे त्याचे कारण. रक्ताच्या व्यवहारात एका बाजूला माझी आई आहे.

म्हणूनच या संस्थेबद्दल आदर बाळगून माझी तक्रार अशी की ती प्रयोगशाळांशी बोलते, रुग्णाशी बोलत नाही. तिच्या योजनेत भाग घेणे ऐच्छिक. राष्ट्रीय मान्यता मंडळाचे, म्हणजे एनएबीएलचे, प्रमाणपत्र हवे असेल तर अशी बाहेरची पडताळणी करावी लागते, पण प्रमाणपत्रही ऐच्छिकच. केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला, तो स्वीकारणे राज्यांवर सोडले, आणि महाराष्ट्राने तो वर्षानुवर्षे स्वीकारला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी असे म्हटले, तेव्हा एम. एस्सी., पीएच. डी. झालेल्या जीवरसायनतज्ज्ञांच्या हक्काचा मोठा वाद उभा राहिला. तो वाद त्यांच्या पोटाचा आहे, मी त्याला क्षुद्र म्हणणार नाही. पण सही कोणाची यावर जेवढे बोलले गेले, त्याच्या चौथाईनेही आकडा पडताळला का यावर बोलले गेले असते तर!

सक्ती केली तर गल्लीतल्या छोट्या प्रयोगशाळा बंद पडतील आणि मोठ्या साखळी-कंपन्यांचे फावेल, असा एक आक्षेप आहे. तो मला खरा वाटतो. कुप्यांना पैसे पडतात, आणि रोजचा नियंत्रण-नमुना तर कमाईशिवायचा खर्च. म्हणून छोट्यांची फी महापालिकेने किंवा सरकारने भरावी. तराजू तपासायला निरीक्षक ठेवणाऱ्या सरकारला हे जड जाऊ नये. आणि रिपोर्टच्या तळाशी मराठीत एक ओळ छापावी: या चाचणीची बाहेरून पडताळणी शेवटची कधी झाली. एवढ्याने आकडे जुळतीलच असे नाही, पण विचारायला जागा मिळेल.

आपल्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रक्ततपासणीचे शिबिर होते आणि आसपासच्या चाळींतली माणसे रांगेत उभी राहतात. यंदा प्रयोगशाळा ठरवताना प्राध्यापक मंडळींनी दराबरोबर आणखी दोन गोष्टी मागवाव्यात: गेल्या सहा महिन्यांतील बाह्य पडताळणीची पत्रे आणि रोजचा आलेख. नमुने किती वाजता घेतले आणि किती वाजता तपासायला लावले याची वही ठेवायला मी आणि माझ्या वर्गातील तिघी तयार आहोत. नावे मी योजनेच्या कार्यालयात दिली आहेत.