कपाटाची किल्ली कोणाकडे?

राईस मिलमध्ये रातपाळी असली की मी पुस्तक डब्याच्या पिशवीत टाकतो. डब्याच्या वर. खाली ठेवलं तर भाजीचं तेल लागते. एक ट्रक गेला, दुसरा यायचा आहे, तेवढ्यात चार पानं होतात. पानात कोंडा शिरते. माझं 'बलुतं' आजही झटकलं तर धानाचा कोंडा पडेल. मुकडदम म्हणते, "कायले वाचतं बे? वाचून का हाजरी वाढनार हाय तुही?"

नाही वाढत. पण त्याच्या वहीत माझ्या नावापुढं किती पोती लिहिली ते मी वाचू लागलो की तो वही मिटते.

मुकडदमाचं सोडा. मला आज आपल्याच माणसांशी भांडायचं आहे.

इकडच्याच एका विहारात काचेचं कपाट आहे. बाबासाहेबांचे खंड ओळीनं उभे. वर हार, पुढं मेणबत्ती, आणि कपाटाला कुलूप. मी किल्ली मागितली. अध्यक्ष प्रेमानंच बोलले, "बाबू, पुस्तकं खराब होतीन."

खराब होतीन! मग छापली कशाला? आपल्या बापजाद्यांना ज्या पोथ्यांना हात लावू दिला नाही, त्याही अशाच लाल कापडात बांधून होत्या. आपण कापड तेवढं निळं केलं.

आणि १४ एप्रिल आला की डीजेची वर्गणी दोन दिवसांत जमते. मीही नाचलो आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याच वर्गणीतून दहा पुस्तकं घ्या म्हटलं तर पोरं माझ्याकडं असे पाहतात, जसा मी मयतीत हसलो.

दोस्तहो, आपण नेहमी असे नव्हतो. १९७९ मध्ये सरकारनं बाबासाहेबांच्या लिखाणाचा पहिला खंड काढला. संपादक आपले नागपूरचे वसंत मून. १९८७ मध्ये चौथा खंड आला, त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या प्रकरणानं धर्मवाले पेटले. सरकार ते पान काढायला निघालं. तेव्हा १९८८ मध्ये मुंबईत आपल्या माणसांचा लाखांचा मोर्चा निघाला. पुस्तकातल्या एका प्रकरणासाठी! खंड इंग्रजीत. मोर्च्यातल्या किती मायबहिणींना अक्षर येत होतं? तरी चालल्या. सरकारला शेवटी, आम्ही या मताशी सहमत नाही अशी टीप टाकून का होईना, ते छापावं लागलं.

आता आपल्या काळाचं ऐका. २०२० च्या जुलैत कुण्या हरामखोरानं दादरच्या राजगृहाच्या काचा फोडल्या. ते घर बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलं होतं. आपलं रक्त उसळलं, उसळायलाच पाहिजे. पण पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, 'लोकसत्ता'नं छापलं की सरकारनं याच खंडांच्या ९ लाख प्रती काढायचं ठरवून ५ कोटींच्या वरचा कागद घेतला आणि चार वर्षांत छापल्या ३३ हजार. बाकीचा कागद गोदामात पडून. बातमी वाचून मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. कोर्टानं घेतली. आपण? फुटलेली काच आपल्याला दिसते. न छापलेलं पुस्तक दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही.

आणि सरकारला ओरडू कोणत्या तोंडानं? ३३ हजारांतली जी प्रत आपल्या गावात आली तिलाही आपण कुलूपच लावलं. सरकारचं गोदाम मोठं, आपलं लहान.

आमचे म्हातारे अजून हळहळतात, १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यानं बाबासाहेबांना पाडलं. हळहळा. पण मग तुमच्या नातवाला त्यांचं एक तरी पान वाचून दाखवा ना!

मी दहावी नापास. वाचायला शिकलो ते त्यानंतर. माझ्याजवळ सगळी मिळून एकवीस पुस्तकं आहेत. दर रविवारी सांजच्याला एकोडीच्या बसथांब्यावर पोत्यात घेऊन बसतो. सही नाही, डिपॉझिट नाही. न्या. फाटलं तर फाटू द्या, मी चिकटवीन. वापस मात्र आणा. 'जातिप्रथेचे विध्वंसन' कोणीतरी नेलं, त्याला दोन महिने झाले. वाचून झालं असलं तर येत्या रविवारी आणून दे गा भाऊ, बारावीतली एक पोरगी दर आठवड्याला विचारून जाते.