२७ मतांचा सौदा : आयरिश थोरांना आमचा प्रश्न

आयर्लंडचे थोर पुरुष म्हटले की आपल्याकडे एक ठरलेली यादी समोर ठेवली जाते. पार्नेल, डी व्हॅलेरा, मायकेल कॉलिन्स, तुरुंगात उपोषण करून प्राण देणारा टेरेन्स मॅकस्विनी. ही यादी आपल्याकडे आणली ती ब्राह्मणी राष्ट्रवादाने. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली, तेव्हा होमरूल हा शब्दही आयर्लंडकडूनच घेतला. या मंडळींना इंग्रजांशी लढणारा आयरिश माणूस हवा होता. तो आपल्यापेक्षा खालच्या माणसाशी कसा वागला, हे विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. वाटणार तरी कशी? १८९५ साली पुण्याच्या काँग्रेसच्या मांडवातून सामाजिक परिषदेला हुसकावून लावणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला असता, तर तो त्यांच्याच अंगावर आला असता!

आम्हाला मात्र तो विचारावाच लागतो. आणि तो कसा विचारायचा, हे बाबासाहेबांनी दाखवून ठेवले आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला. देशसेवा करणाऱ्यांविषयी कृतज्ञ असावे, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहेत. स्वाभिमान, शील आणि स्वातंत्र्य गहाण टाकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, हा विचार त्यांनी तिथे मांडला. तो त्यांनी एका आयरिश देशभक्ताचे नाव घेऊन मांडला. ते नाव डॅनियल ओकॉनेल. संविधान दिन आला की हे भाषण आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरते. पण त्यातला हा ओकॉनेल कोण, याची चौकशी किती जण करतात?

ओकॉनेल १७७५ साली केरी परगण्यात जन्मला. तो कॅथलिक होता. आपल्याच देशात बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांवर त्या काळी जमीन, शिक्षण, सरकारी पदे अशा सगळ्या बाबतींत कायद्याची बंधने लादलेली होती. त्यातली काही सैल झाली, तरी पार्लमेंटचे दार बंदच राहिले. १८२८ साली ओकॉनेल क्लेअरमधून निवडून आला आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारला कॅथलिकांसाठी ते दार उघडावे लागले.

मूठभर आयरिश सोबती घेऊन तो पार्लमेंटात गेला, तेव्हाची एक हकिकत अमेरिकेतले गुलामगिरीविरोधी वक्ते वेंडेल फिलिप्स यांनी सांगून ठेवली आहे. वेस्ट इंडिजमध्ये गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांची पार्लमेंटात २७ मते होती. त्यांनी सौदा पुढे केला : गुलामगिरीवर तोंड उघडू नका, आयर्लंडच्या प्रत्येक प्रश्नावर ही २७ मते तुमची. ओकॉनेलने तो धुडकावला. आयर्लंडचे भले काळ्या माणसाच्या गुलामीवर उभे करायला तो तयार झाला नाही. पुढे आयर्लंडच्या स्वशासनासाठी अमेरिकेतून देणग्या येऊ लागल्या, तेव्हाही गुलामांच्या रक्ताने डागाळलेला पैसा नको, असे त्याने भर सभेत सांगितले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्याच्या समर्थक संघटना यावरून मोडल्या. तरी तो बोलायचा थांबला नाही.

१८४५ साली गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस आयर्लंडला आला. डब्लिनमध्ये त्याने ओकॉनेलला ऐकले. ओकॉनेलने त्याला अमेरिकेतला काळा ओकॉनेल म्हटले. इथे आपल्याला रंगाने नव्हे, माणूस म्हणून वागवले जाते, असे डग्लसने अमेरिकेतल्या मित्राला कळवले.

आता नाण्याची दुसरी बाजू बघा. जॉन मिचेल. हाही आयरिश देशभक्तच. १८४८ साली इंग्रजांनी त्याला राजद्रोही ठरवून हद्दपार केले. टास्मानियातून निसटून १८५३ साली तो अमेरिकेत पोचला. त्याचे तुरुंगातले रोजनिशीवजा पुस्तक आयरिश राष्ट्रवाद्यांच्या पिढ्यांनी वाचले. आणि या स्वातंत्र्यवीराने अमेरिकेत काय मागितले? अलाबामात गुलामांनी भरलेला मळा! आफ्रिकेतून माणसे पकडून आणण्याचा बंद झालेला व्यापार पुन्हा सुरू करा, असा प्रचार त्याने आपल्या वृत्तपत्रातून केला. यादवी युद्धात गुलामगिरीवाल्यांच्या बाजूने लढताना त्याचे दोन मुलगे मेले, तरी त्याचे मत बदलले नाही. न्यूरी गावात आजही त्याचा पुतळा उभा आहे.

दोघेही आयरिश, दोघेही इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध. मग फरक कुठे? एकाला स्वातंत्र्य हे मूल्य वाटत होते, दुसऱ्याला ती आपल्या जमातीची मालमत्ता वाटत होती.

आणि मिचेल एकटा नव्हता, हे अधिक गंभीर आहे. १८४१ साली आयर्लंडमधल्या ६०,००० लोकांच्या सह्यांचे आवाहन अमेरिकेतल्या आयरिशांसाठी तयार झाले : तुम्ही जुलूम सोसला आहे, गुलामगिरी मोडणाऱ्यांना साथ द्या. सह्या करणाऱ्यांत ओकॉनेल होता, दारूबंदीचे नामांकित प्रचारक फादर मॅथ्यूही होते. अमेरिकेतल्या बहुतेक आयरिशांनी ते झिडकारले. न्यूयॉर्कचे बिशप ह्यूज यांनी तर ते खरे आहे की नाही, अशीच शंका काढली. १८४९ साली फादर मॅथ्यू स्वतः अमेरिकेला गेले, तेव्हा आपण सही केलेल्या त्याच प्रश्नावर गप्प बसले. १८६३ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल उसळली. त्या जमावात आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांनी काळ्या माणसांना रस्त्यात गाठून मारले आणि काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला.

दुष्काळात दहा लाख माणसे गमावलेल्या समाजाची ही लेकरे इथवर कशी आली? उत्तर बाबासाहेबांनी दिलेल्या एका संकल्पनेत आहे : श्रेणीबद्ध असमानता. १७९० च्या अमेरिकन कायद्याने नागरिकत्व मिळवण्याची वाट फक्त स्वतंत्र गोऱ्या परदेशी माणसाला खुली केली होती. बोटीतून उतरलेला उपाशी आयरिश काही वर्षांत मतदार होऊ शकत होता. तिथेच जन्मलेला काळा माणूस नागरिकच नाही, असा निकाल १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. आयरिश माणसाला एक पायरी मिळाली आणि तिच्या खाली कोणीतरी आहे, एवढ्यावर तो खूश झाला. वरच्याची लाथ खायची आणि खालच्याला मारायची. हे यंत्र आपल्याला नवीन आहे का?

आज काही लोक समाजमाध्यमांवर म्हणतात की आयरिशही गुलाम होते, ते कुठे रडत बसले? हा खोटेपणा आहे. सतराव्या शतकात आयरिशांना बार्बाडोसला पाठवले गेले, त्यांचे हाल झाले, अनेकांना जबरदस्तीने नेले गेले. पण त्यांच्या कराराला मुदत होती आणि त्यांची मुले जन्मतः कोणाची मालमत्ता होत नव्हती. आफ्रिकी गुलामाची होत होती. आरक्षणाचा विषय निघाला की आमचे आजोबाही गरीबच होते म्हणणारे आणि हे लोक एकाच शाळेतले!

आपल्या देशात आलेल्या आयरिशांनाही हीच कसोटी लावा. स्वतःला आयरिश रक्ताच्या म्हणवणाऱ्या ॲनी बेझंट होमरूलच्या पुढारी होत्या, १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. याच बाईंनी १९०९ साली लिहिले होते की अस्पृश्यांच्या मुलांना वरच्या वर्गाच्या मुलांसोबत एका शाळेत बसवू नये. बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींवरच्या १९४५ च्या ग्रंथात तो लेख जगासमोर ठेवला. मायकेल ओड्वायर टिपररीचा कॅथलिक आयरिश. जालियनवाला बाग घडली तेव्हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर तोच, आणि डायरच्या गोळीबाराची पाठराखण करणाराही तोच.

मग ओकॉनेलला देव करायचे का? मुळीच नाही. तो स्वतः जमीनदार होता आणि डब्लिनच्या कामगार संघटनांच्या विरोधात उभा राहिला. याचा हिशेब दुसऱ्या आयरिश माणसानेच मागितला. तो जेम्स कॉनोली, एडिंबरोतल्या गरीब आयरिश वस्तीत जन्मलेला कामगार. १९१० च्या आपल्या पुस्तकात त्याने ओकॉनेलला सोडले नाही. १८९७ सालीच त्याने बजावले होते की समाजरचना न बदलता नुसता हिरवा झेंडा फडकवलात, तर जमीनदार आणि भांडवलदार यांच्या रूपाने इंग्रजच राज्य करत राहील. पुढे त्याने कामगार पुरुषाला त्याच्याच घरातल्या बाईच्या गुलामीचा जाब विचारला. १९१६ च्या उठावात जखमी झालेल्या कॉनोलीला इंग्रजांनी खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकत नाही, हे बाबासाहेबांकडून शिकलेल्या आम्हाला कॉनोली परका वाटत नाही.

मित्रांनो, आता प्रश्न आपल्या दाराशी आणू. ते २७ मतांचे गाठोडे आजही फिरते आहे. कधी ते एखाद्या महामंडळाच्या रूपाने येते, कधी विधान परिषदेच्या जागेच्या, कधी समितीवरच्या नेमणुकीच्या. अट तीच असते : अमुक अत्याचारावर गप्प राहा, गटार साफ करताना मेलेल्या मेहतर बांधवाचा विषय काढू नका, पारध्यांच्या पालावर पोलीस गेले तर बघू नका. घेणारे आपल्यातलेही आहेत. आणि आधी आपले बघू, मग इतरांचे, असे म्हणून समर्थन करणारेही आपल्यातच आहेत. मातंग भावाशी सोयरिकीचा विषय निघाला की गप्प होणारे, चळवळीतल्या बाईला फक्त स्वागतगीतापुरते व्यासपीठावर बोलावणारे, त्यांनी मिचेलचा पुतळा आपल्याच मनात उभा केला आहे.

म्हणून कोणत्याही थोराची जयंती करण्याआधी एवढेच विचारा : याला पायरी मिळाली तेव्हा हा खालच्या माणसाबरोबर उभा राहिला की त्याच्या डोक्यावर? आयरिशांना विचारा, टिळकांना विचारा, आपल्या नेत्यांना विचारा. आणि आरशासमोर उभे राहून स्वतःलाही विचारा. पायऱ्याच मोडायच्या आहेत, ही बाबासाहेबांची शिकवण. आपल्याला वरची पायरी मिळाली म्हणून ते काम संपत नाही.

जयभीम!