बल्ब गेला, पासवर्ड राहिला

बल्ब गेला की आपण तो सरळ कचऱ्यात टाकतो. साध्या बल्बचे ठीक आहे; पण मोबाईलवरून चालणाऱ्या वाय-फाय बल्बला आपण घरचा पासवर्ड सांगितलेला असतो, आणि तो ते विसरत नाही.

एका संशोधकाने असा एक बल्ब चक्क करवतीने कापला, आतल्या सर्किटला तारा जोडल्या आणि पासवर्ड संगणकावर जसाच्या तसा वाचला! त्याला कसलेही सांकेतिक रूप दिलेले नव्हते. (कंपनीने ही त्रुटी पुढे दूर केली.)

वीज नसताना हे टिकते कसे? फ्लॅश स्मृतीतील प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये एक 'तरंगते द्वार' असते. त्याच्या भोवती विद्युतरोधक ऑक्साइडचा थर असल्याने आत कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे बाहेर पडत नाहीत. ही कल्पना १९६७ सालची, बेल प्रयोगशाळेतील काँग आणि झी यांची. आमच्या प्रयोगशाळेतला सुवर्णपत्र विद्युतदर्शी मात्र पावसाळ्यात दोन मिनिटेही भार धरत नाही!

'फेकण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करा' असा सल्ला देतात. पण जो पेटतच नाही, तो बल्ब रीसेट कसा करणार? हा भार ग्राहकावर टाकणे मला पटत नाही. पासवर्ड सांकेतिक रूपातच साठवणे आणि त्याची किल्ली चिपबाहेर वाचता येणार नाही अशी ठेवणे, हे उत्पादकाचे काम आहे. तशी सक्तीच हवी.

तोवर तुम्ही एवढे करा : असा बल्ब, कॅमेरा किंवा प्लग टाकून दिलात, की त्याच दिवशी घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदला. कोंडलेले इलेक्ट्रॉन मग खुशाल तिथेच राहोत.