एकादशी आणि दुप्पट खाशी

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीतल्या मुलीला घेऊन एक आई माझ्या साताऱ्याच्या दवाखान्यात आली. "डॉक्टर, हिला जरा तुम्हीच सांगा. आमचं ऐकत नाही. घरात कंदी पेढे आणायची सोय राहिली नाही. रात्रीत बॉक्स रिकामा!" मुलगी मान खाली घालून बसली होती. मी तिचे वजन केले, चार शब्द सुनावले, रात्रीचे जेवण बंद करायला सांगितले आणि काय काय खायचे नाही याची यादी लिहून दिली. "मनावर ताबा ठेव," असे वर बजावले. वाचकहो, त्या दिवशी माझे चुकले. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

पुढे ती मुलगी अकरावीसाठी सांगलीला वसतिगृहात राहिली. दिवाळीच्या सुट्टीत ती एकटीच माझ्याकडे आली. (हे मी तिच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून लिहितो आहे.) म्हणाली, "काका, तुमचा कागद मी पाळला. सकाळी नुसता चहा, दुपारी एक चपाती. संध्याकाळपर्यंत जमायचं. मग रात्री खा खा सुटायची. पोट दुखेपर्यंत खायचे. थांबताच यायचं नाही." घरच्यांसाठी ती सांगलीहून भडंग घ्यायची. एसटीत पुडा फोडला की पेठनाक्यापर्यंत संपायचा. मग घरी कळू नये म्हणून कराडच्या स्टँडवर उतरून दुसरा पुडा घ्यायची. हे सांगताना ती रडत होती. दोन वर्षे तिने हे कोणालाही सांगितले नव्हते.

याला हावरटपणा म्हणून आपण मोकळे होतो. वैद्यकशास्त्र मात्र याला आजार मानते. १९५९ साली अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने अशा अनावर खाण्याचे वर्णन केले आणि २०१३ साली 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' या नावाने तिकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. लग्नाच्या पंगतीत दोन जिलेब्या जास्त खाल्ल्या म्हणजे हा आजार झाला, असे नव्हे. थोड्या वेळात भरमसाट खाणे, आता आपल्याला थांबता येत नाही असे वाटणे, भूक नसताना, भराभरा आणि लपून खाणे, नंतर स्वतःची किळस येणे, आणि हे आठवड्यातून निदान एकदा, असे तीन महिने चालणे, ही त्याची खूण. मुलींप्रमाणे मुलांनाही हा आजार होतो. अंगाने सडपातळ असणाऱ्यांनाही होऊ शकतो.

असे का होते? आपल्या म्हणीत त्याचे अर्धे उत्तर आहे: 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. ही म्हण आपण थट्टेने वापरतो, पण तिच्यात शरीरशास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. त्यांच्या मनात दिवसरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांतले अनेकजण पोट तडस लागेपर्यंत खात आणि तरी भूक भागली नाही म्हणत. ही चांगली, धडधाकट, निश्चयी माणसे होती. उपाशी ठेवलेले शरीर असेच वागते. मग वाढत्या वयातल्या मुलीने एका चपातीवर दिवस काढावा आणि रात्री 'मनावर ताबा' ठेवावा, ही अपेक्षाच चुकीची नाही का?

उरलेले अर्धे उत्तर मनात आहे. परीक्षेचे दडपण, वसतिगृहातला एकटेपणा, आरशासमोरची लाज, 'जाडी' म्हणून झालेली चेष्टा. खाताना या साऱ्याचा घटकाभर विसर पडतो. मग अपराधी वाटते, म्हणून दुसऱ्या दिवशी उपास, आणि उपासामुळे रात्री पुन्हा तेच. हे रहाटगाडगे थांबवायचे तर लागणारी जागा एकच आहे: दुसऱ्या दिवशीची सकाळ. आदल्या रात्री कितीही खाल्ले असले, तरी सकाळी नाश्ता करायचाच.

माझा जुना कागद मी फाडला आणि तिला नवा लिहून दिला. तीन वेळा जेवणखाण आणि मधे दोन वेळा थोडे काही. तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामे ठेवायचे नाही. ताटात वाढून, बसून खायचे. कोणताही पदार्थ कायमचा वर्ज्य नाही. पेढाही ताटात, सर्वांसमोर. रोज वजन करायचे नाही. एका वहीत काय खाल्ले, किती वाजता आणि त्या वेळी मनात काय होते, एवढे लिहायचे. जोडीला तिला सांगलीतच एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. बोलण्यातून, विचारांची सवय बदलण्यातून होणारा उपचार या आजारात चांगला उपयोगी पडतो.

पालकांना माझे सांगणे एवढेच, की डबे कुलपात ठेवू नका. कुलूप लावले की खाणे थांबत नाही, लपते. पाहुण्यांसमोर मुलीच्या वजनाचा विषय काढू नका. "किती खाल्लंस?" ऐवजी "आज दिवस कसा गेला?" असे विचारा. धर्म म्हणून मोठ्यांनी केलेल्या उपासाला माझा विरोध नाही. पण वजन उतरावे म्हणून मुलांना उपास घडवू नका. वजन फारच वाढत असेल, तर थायरॉईड वगैरे तपासण्या डॉक्टरांना जरूर करू द्या. मात्र मूल घशात बोटे घालून उलटी करत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेत असेल, चक्कर येऊन पडत असेल किंवा जगणे नको असे बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नका. जवळ कोणी तज्ज्ञ नसेल, तर सरकारची 'टेलिमानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत, मराठीतूनही बोलता येते.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. महिन्यातून एखादी रात्र अजून वाईट जाते. पण परवा ती आईबरोबर आली, तेव्हा आईनेच सांगितले, "डॉक्टर, आता तसं झालं की ती मला सांगते. मग सकाळी आम्ही दोघी बसून पोहे खातो."