निरोप धाडला म्हणजे पोचला असे नाही



हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसात एकच तक्रार कानी येते : "अ‍ॅप घातलंय, पण तोडीचा निरोप काही वाजत नाही." त्यावर "फोन बघत चला" म्हणून हात झटकणे आम्हांस मान्य नाही.

हा निरोप मोबाईल नंबरावर येत नसतो. अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप उघडले की गूगलकडून त्याला एक खूणक्रमांक मिळतो. त्याला टोकन म्हणतात. तो कारखान्याच्या संगणकात चढला, तरच निरोप येतो. जशी उसाची नोंद, तशीच ही. फोन बदलला किंवा अ‍ॅप काढून पुन्हा घातले, की जुना टोकन बाद. म्हणून रेंजमध्ये अ‍ॅप उघडून पुन्हा लॉगिन करा. शिवाय 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून सूचनांना परवानगी लागते. दोनदा नकार दाबला, की अ‍ॅप परत विचारत नाही. सेटिंगमध्ये जाऊन सूचना चालू कराव्या लागतात.

पण सारा भार सभासदावरच का? टोकन बाद झाल्याचे उत्तर गूगल कारखान्याच्या संगणकाला देत असते. ती यादी दर आठवड्याला गटाकडे यावी. परवानगी बंद असली तर मात्र तेही कळत नाही. म्हणून ज्याचा होकार आला नाही, त्याच्या घरी चिटबॉय गेलाच पाहिजे. तोवर कागदी तोडचिठ्ठी बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पक्व ऊस रानात उभा राहिला तर वजन घटते, उताराही घटतो. "निरोप धाडला होता" म्हटल्याने ते भरून येत नाही.